घरच्या माणसाची ताजी काच

"रंग खोटं बोलत नाही, ताई; खोटं बोलतात ती माणसं."

हे वाक्य धाकट्यानं बहिणीच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या म्हटलं होतं. चहाचा कप हातात होता आणि चहा निवत होता. टेबलापलीकडे बहिणीचा नवरा बसला होता. त्याच्या उजव्या फुप्फुसाचा एक भाग गाठीसकट काढून टाकल्याला फार दिवस झाले नव्हते आणि हसताना तो अजून बरगडीवर हात धरत असे. त्या दिवशी मात्र त्याला हात धरावा लागला नाही.

धाकटा डॉक्टर होता, पण कुणाची नाडी बघणारा नव्हे. शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या गाठी ज्या विभागात जातात, त्या विभागाचा तो प्रमुख. गाठीचा तुकडा मेणात गोठवायचा, त्या मेणाच्या वडीचा केसाहून पातळ काप काढून काचेच्या पट्टीवर पसरायचा, त्यावर रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून निकाल द्यायचा. जिवंत माणसाशी त्याचा संबंध येई तो लिफ्टमध्ये, आणि तिथेही तो मजल्यांचे आकडे बघत उभा राही. गेली काही वर्षं त्याच्या कामात एकच रंग उरला होता, तपकिरी. कुठली पेशी किती तपकिरी झाली यावर तो दिवसभर गुण वाटत बसे. खालच्या मजल्यावरचे लोक त्याला 'तपकिरी' म्हणत. त्याला हे ठाऊक होतं आणि तो ते कौतुक समजत असे. टोमणा आणि कौतुक यांतला फरक कळण्यासाठी माणसाला आपण चुकू शकतो अशी निदान पुसट शंका लागते.

ती त्याला नव्हती, आणि हे ताईला त्याच्या जन्मापासून माहीत होतं. आई धुलाईच्या कारखान्यात पाळ्या करायची, म्हणून त्याला वाढवलं ते ताईनंच. सायकल शिकवताना ती मागून धरून धावायची. एकदा तिचा हात सुटला आणि हा थेट न्हाव्याच्या दुकानाच्या काचेत घुसला. गुडघ्यातून रक्त, अंगावर काचा, न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आलेला, आणि हे सात वर्षांचं पोर त्याला सांगतंय, "काच तिथे असायलाच नको होती." न्हावी हसला, बघे हसले, संध्याकाळी आईसुद्धा हसली. पोरगं हुशार आहे म्हणाले. सगळं बिघडलं ते त्या हसण्यापासून. तिथून पुढे जगातली प्रत्येक काच चुकीच्या जागी होती. परीक्षेत गुण गेले तर प्रश्न मोघम होता. लग्न मोडलं तर बायकोचा स्वभाव संशोधनाला पोषक नव्हता. 'चुकलं' हा एवढासा शब्द, लहान पोरंसुद्धा दिवसातून दहादा टाकतात, तो याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

ताईचा नवरा गाडी चालवायला शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याच्या जुन्या निळ्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक होता. शिकणाऱ्याचा पाय चुकला की मास्तरचा पाय तो दाबायचा. गावातले निम्मे लोक या दुसऱ्या ब्रेकच्या भरवशावर चालवायला शिकले होते. शिकता न आलेला एकच.

"क्लच सदोष आहे," धाकटा उतरताना म्हणाला होता.

"असेल बाबा," मास्तर म्हणाला. "तुझ्याआधी त्याच क्लचवर एक आजीबाई शिकून गेल्या. त्यांना बहुतेक सांगायचं राहिलं."

मास्तरला खोकला झाला, मग सावली दिसली, मग गाठ निघाली. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं: गाठ पूर्ण काढली आहे, पण जवळच्या ग्रंथींत तिचे कण पोचले होते. म्हणून आता शिरेतून औषधाच्या काही फेऱ्या घ्यायच्या. त्रास होईल, केस जातील, तोंडाची चव जाईल. पण घ्यायच्या तर जखम भरल्यावर लगेच घ्यायच्या. वेळ टळली की मग दिल्या काय अन् न दिल्या काय.

मास्तर रस्त्यावर कुणाला भीत नसे, सुईला भ्यायचा. आणि त्याच्या थोरल्या भावाला ही औषधं घेताना त्यानं पाहिलं होतं, शेवटी बादलीला मिठी मारून बसलेला. त्यानं बाईंना सांगितलं, "घरात डॉक्टर आहे, त्याला विचारून कळवतो." घरात डॉक्टर असण्याचे हे तोटे कुणी आधी सांगत नाही.

धाकट्याला विचारलं आणि त्याचा चेहरा उजळला. नेमकं याच विषयावर त्याचं काम चाललं होतं. फुप्फुसाच्या गाठीतल्या सगळ्याच पेशी सारख्या नसतात, त्यानं समजावलं. बऱ्याचशा नुसती गर्दी करतात. काही थोड्या मात्र मूळ पेशींसारख्या, स्टेम सेलसारख्या असतात; बाकीचं सगळं उपटलं तरी त्यांच्यातून गाठ पुन्हा उगवते. अशा पेशींवर एक विशिष्ट प्रथिन असतं, तीच त्यांची खूण. ते प्रथिन असेल तिथे रंग तपकिरी चढतो. त्यानं इस्पितळाच्या जुन्या रुग्णांच्या गाठी अशा रंगवून पाहिल्या होत्या. गडद निघाले ते जवळजवळ सगळे गेले होते. फिके निघाले ते जगत होते. इतकी स्वच्छ फारकत त्यानं आजवर पाहिली नव्हती. महिनाअखेरीला मोठी सभा होती, तिथे तो हे वाचणार होता.

"आणि मास्तरांचा?" ताईनं विचारलं.

"माझा माणूस आहे म्हणून मी स्वतः उभं राहून ताजी काच बनवून घेतली. कपाटातली जुनी वापरली नाही." त्याच्या आवाजात मेहेरबानी होती. "गडद आहे. तीन गुण. आमच्याकडे त्यापुढे गुण नाहीत."

"म्हणजे पैकीच्या पैकी," मास्तर म्हणाला. "शाळेत कधी मिळाले नाहीत."

"भाऊजी, मी साखर लावून बोलत नाही. दोन हिवाळे. ती औषधं घेऊन त्यातला एक हिवाळा ओकाऱ्यांत घालवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा."

"छातीच्या बाई तर म्हणतात—"

"बाई माणसं बघतात. मी पेशी बघतो." आणि मग त्यानं ते रंगाचं वाक्य म्हटलं, कप ठेवला आणि जाताजाता ओट्यावरचे डबे उंचीप्रमाणे लावून दिले. पुढचा आठवडाभर ताईला साखर सापडत नव्हती.

मास्तरनं औषध न घेण्याचं ठरवलं. त्यानंतर घरातली हवाच बदलली. तो स्वतःविषयी भूतकाळात बोलू लागला. "मला हा शर्ट आवडायचा," असं तो अंगात तोच शर्ट असताना म्हणे. आणि रोज सकाळी तो ताईला गाडी शिकवू लागला, कारण पुढे तिला कोण नेणार-आणणार? ती चिडून शिकली, रडत शिकली, आणि एक दिवस परीक्षा पास होऊन आली तेव्हा मास्तरनं टाळी दिली आणि मग तो बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तिला त्या परवान्याचा इतका राग आला की तो तिनं चपलांच्या कपाटात टाकला.

छातीच्या डॉक्टरीणबाई मात्र ऐकेनात. "नाही म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणा," त्यांनी फोनवर सांगितलं, "आणि तुमच्या मेव्हण्यांनी कशावरून ठरवलं, तो अहवालही आणा. मलाही शिकू दे." बाईंची वाणी गोड होती, पण धार लागत होती.

तो अहवाल आणायला ताई भावाच्या विभागात गेली. तळमजल्याचा लांब बोळ, मेणाचा आणि कसल्याशा तिखट द्रावणाचा वास. धाकटा वरच्या सभागृहात भाषणाची तालीम करत होता. खोलीत एकटी नवी डॉक्टर बसली होती. या कामात नियम असा, की दोघांनी वेगवेगळं बघून गुण द्यायचे आणि काच मेलेल्याची की जिवंताची हे दोघांनाही कळू द्यायचं नाही. धाकट्यासोबतचा दुसरा डोळा हिचा होता.

"तुम्ही सरांच्या ताई?" तिनं अहवाल दिला नाही. उठून दार लोटून आली. "मास्तरांनी औषध सुरू केलं?"

"नाही. नाहीच म्हणून सांगायला उद्या जातोय. यानंच तर—"

"बसा इथे."

तिथल्या सूक्ष्मदर्शकाला समोरासमोर भिंगांच्या दोन जोड्या होत्या, दोघांना एकच काच एकाच वेळी बघता यावी म्हणून. ताईनं डोळे लावले. फिक्या निळ्या ठिपक्यांचं शेत दिसलं.

"हा एक माणूस आहे," नवी डॉक्टर म्हणाली. "नाव सांगणार नाही. शस्त्रक्रिया होऊन बरीच वर्षं झाली. मजेत आहे. सरांच्या हिशेबात फिका, शून्य गुण. आता ही दुसरी काच बघा."

दुसरी काच सरकली आणि सगळं शेत जळाल्यासारखं तपकिरी झालं.

"हा गेला?" ताईनं विचारलं.

"हाही तोच. तीच गाठ, तीच मेणाची वडी. फक्त ही काच मी आठ दिवसांपूर्वी कापली. आधीची वर्षानुवर्षं कपाटात पडून होती."

ताईनं डोळे उचलले. "मला नीट सांग बाई. मी तुमच्या धंद्यातली नव्हे."

"काप काचेवर घेऊन नुसता ठेवला की त्यातलं प्रथिन काही आठवड्यांतच वाळायला लागतं. मग रंग धरत नाही. नवीन काही नाही यात, आमच्या धंद्यातल्या पोरासोरांना ठाऊक असतं. सरांनीच मला शिकवलं." तिनं भिंतीजवळच्या कपाटाकडे हनुवटी केली. एकसारखी खोकी, एकसारख्या चिठ्ठ्या, धूळ नाही. "पण सरांना टापटीप लागते. रुग्ण जिवंत असेपर्यंत त्याच्या जास्तीच्या काचा इथे राहतात. पुढे तपासणी लागली तर हाताशी असाव्यात म्हणून. रुग्ण गेल्याची खबर आली की त्याच्या काचा फेकायच्या. नियम त्यांचाच. मेलेल्यांनी जागा अडवू नये म्हणतात."

"मग मेलेल्यांच्या काचा आल्या कुठून?"

"मेणाच्या वड्या तळघरात असतात. त्यांतून नव्यानं कापल्या. ताज्या. म्हणून गडद."

ताईनं त्या कपाटाकडे पाहिलं. तिला कळायला लागलेलं होतं, पण कळून घ्यायला भीती वाटत होती.

"जिवंतांच्या सगळ्यांच्या काचा मी आता पुन्हा कापल्या," नवी डॉक्टर म्हणाली. "मेलेल्यांइतक्याच तपकिरी. फरक नाही. दुसरीकडे कुणी नीट काम करून या खुणेचं काही सिद्ध केलं तर करो बापडे. आमच्या इथे या रंगानं एकच गोष्ट सांगितली: काच शिळी आहे की ताजी."

"आणि आमच्या मास्तरांची…"

"घरचा माणूस म्हणून ताजी कापली ना."

ताई हसली. ते हसू तिचं तिलाच ऐकवेना. जन्मात एकदा या भावानं बहिणीच्या घरावर मेहेरबानी केली, आणि त्या मेहेरबानीनं तिच्या नवऱ्याला उचलून मेलेल्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. परक्यासारखी वागणूक दिली असती, कपाटातली शिळी काच उचलली असती, तर निदान खोट्या हिशेबात तरी तो जगला असता.

"त्याला माहीत आहे हे?" तिनं शेवटी विचारलं.

नवी डॉक्टर काच पुसत होती. "मागच्या आठवड्यात याच खुर्चीवर बसून बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, सभा होऊन जाऊ दे. मी म्हटलं, सर, निदान घरी तरी सांगा, तिकडे वेळ चाललाय. म्हणाले, घरचं मी बघतो."

घरचं त्यानं बघितलं होतं. रविवारी येऊन जेवून गेला होता. दोनदा वाढून घेतलं होतं. आणि निघताना मास्तरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "कागदपत्रं नीट लावून ठेवा, भाऊजी. मागे राहणाऱ्याला त्रास नको." ताईला तेव्हा त्या हाताचं बरं वाटलं होतं. किती दिवसांनी यानं कुणाला हात लावला, असं मनात आलं होतं. आता त्या हाताची तिला किळस आली. सायकलच्या मागे धावणारे आपले पायही तिला आठवले, पण त्यांची कीव करायला तिला वेळ नव्हता.

रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. ती सांगू शकली असती. शब्द दातांमागे येऊन बसले होते. पण तिला ते भावाच्या तोंडून हवे होते. ज्या तोंडानं दोन हिवाळे दिले, त्याच तोंडानं ते परत घ्यावेत. एवढ्या एका बाबतीत ती अजून मोठी बहीण होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी निळी गाडी दारात उभी राहिली. धाकट्याला मास्तरनंच बोलावलं होतं, बाईंना शास्त्र समजावून सांगायला. तो इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर फाईल घेऊन आला. मागे बसलं की त्याला गाडी लागते, म्हणून तो पुढे बसला, मास्तरच्या हक्काच्या सीटवर. मास्तर मागे, छातीशी उशी धरून. चालवायला ताई.

"हिला परवाना खरंच मिळाला?" धाकट्यानं पट्टा बांधत विचारलं.

"नाही, रस्त्यात सापडला," मास्तर मागून म्हणाला. "तुझ्या पायाशी ब्रेक आहे, डॉक्टर. भीती वाटली तर दाब. मी बहुतेकांच्या बाबतीत दाबायचो."

गाडी बाजारातून निघाली. औषधाच्या दुकानापाशी गर्दी होती, मालाचा ट्रक आडवा लागला होता. ताईची नजर रस्त्यावर होती.

"काल तुझ्या खोलीत गेले होते," ती म्हणाली.

"अहवाल मिळाला ना?"

"काचा बघितल्या. शिळ्या आणि ताज्या."

धाकट्यानं फाईलची कड सरळ केली. "तिला परवानगी नव्हती."

"तिचं नंतर बघ. मागे बसलाय त्याला सांग."

"ताई, हा विषय गाडीत बोलायचा नाही. आकडे तपासायचे आहेत अजून. घाईत काही—"

"दोन हिवाळे द्यायला घाई केलीस. माझ्या स्वयंपाकघरात. उभ्याउभ्या."

"काय चाललंय?" मास्तर पुढे वाकला. "मला ऐकू येईल असं भांडा. मी अजून आहे."

"तू सांगतोस की मी सांगू?" ताई म्हणाली.

धाकट्यानं खिडकीबाहेर बघितलं. तेव्हा ताईनंच सांगितलं, चढावर गिअर बदलत, मोडक्यातोडक्या शब्दांत: कपाट, फेकलेल्या काचा, ताजे काप, जिवंतांचेही गडद. गाडी सरळ चालली होती.

मास्तरनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं उशी बाजूला ठेवली.

"म्हणजे माझ्याबद्दल तुला काहीच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "छान. मलाही नव्हतं. आपण बरोबरीत." त्याला खोकला आला, तो जिरवला. "बाईंना सांगतो, लावा तुमची सलाईन. केस तसेही राहिलेत कुठे. बादलीला मिठी मारायची तर मारू. उशीर झाला असेल तर झाला असेल, ते बाई सांगतील. त्यांना माणसं कळतात." मग त्यानं पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्यावर डूख नाही धरणार, डॉक्टर. मी आयुष्यभर चुकणाऱ्यांच्या शेजारी बसलोय. खांबाला गाडी घातलेली माणसं मी चहा पाजून घरी सोडलीत. फक्त एक करायची ती. उतरताना म्हणायची, मास्तर, चुकलं. तेवढं म्हण. सभेत नको म्हणूस. इथे, काचा वर आहेत, कुणाला ऐकू जाणार नाही."

ताईनं पहिल्यांदा मान वळवून भावाकडे बघितलं. त्याचे ओठ हलले. सात वर्षांचं ते पोर तिला एका क्षणापुरतं दिसलं, अंगावर काचा घेऊन उभं. तिनं वेग कमी केला. म्हण रे, तिला वाटलं. म्हटलंस तर मी सगळं गिळीन, रविवारचा तो हातसुद्धा.

गाडी धक्का खाऊन जागच्या जागी थांबली. ताईचा पाय ब्रेकवर नव्हताच. मागच्यानं कर्कश भोंगा वाजवला, त्याच्या मागच्यानंही.

"बोल ना," मास्तर म्हणाला.

धाकट्यानं दुसऱ्या ब्रेकवरचा पाय काढला. पट्टा सोडला. मांडीवरची फाईल उचलून काखेत घेतली, दार उघडलं, खाली उतरून ते नीट लावलं, आणि भोंगे वाजवणाऱ्या गाड्यांमधून, नजर समोर ठेवून, ब्र न काढता चालता झाला.